आश्विनातलं स्वयंपाकघर आणि पायात पायात येणारी मुलं

घट बसल्यापासून नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत जेमतेम २८ दिवस हातात असतात. तेवढ्यात उपास, भोंडला, दसरा, कोजागिरी, मुलांची सहामाही परीक्षा आणि फराळ असं सगळं बसवायचं असतं. त्यात हवा अशी, की दुपारी पंखा पाचवर आणि पहाटे चारला अंधारात पांघरूण चाचपायचं. पाऊस गेलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, म्हणून दिवसाचं ऊन थेट लागतं आणि रात्री सगळी ऊब उडून जाते. मुलं दुपारी ताटावर बसून नुसतं चिवडतात आणि रात्री साडेआठला 'काहीतरी खायला दे' म्हणून मागे लागतात. यात त्यांची खोड कमी, हवेचा भाग जास्त.

म्हणून या महिन्यात पोटभरीचं जे काही असेल ते सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर करावं. दुपारी ताकभात किंवा मुगाची पातळ खिचडी, त्यापुढे जाऊ नये. दुसरं म्हणजे घरात तीन ते आठ वर्षांची मुलं असतील तर मुलांसाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं शिजवत बसू नये. मूळ पदार्थ सौम्य करायचा आणि तिखटाची फोडणी मोठ्यांच्या ताटात वरून घालायची. आणि प्रत्येक पदार्थात मुलाला खरंखुरं एक काम द्यायचं. खोटं काम दिलं, म्हणजे कोपऱ्यात बसवून कणकेचा गोळा खेळायला दिला, की ते त्यांना दोन मिनिटांत कळतं.

महिन्याची सुरुवात भाजणीने करावी. एकदा केली की महिनाभर सकाळचा नाश्ता सुटतो. चार माणसांच्या घराला आठवड्यातून दोनदा थालीपीठ लावायचं असेल तर हे प्रमाण पुरतं: ज्वारी ५०० ग्रॅम, बाजरी ५०० ग्रॅम, तांदूळ २५० ग्रॅम, हरभरा डाळ २५० ग्रॅम, गहू १२५ ग्रॅम, उडीद डाळ १२५ ग्रॅम, धणे ७५ ग्रॅम, जिरे २० ग्रॅम आणि मेथीदाणे एक छोटा चमचा. मेथी त्याहून जास्त घातलीत तर मुलं पहिल्या घासाला ओळखतात.

धान्य निवडायला चार-पाच वर्षांचं मूल उत्तम. परातीत एका वेळी एकच मूठ पसरून द्यायची, म्हणजे खडे दिसतात आणि सांडलं तरी मूठभरच सांडतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र डाळींच्या जवळ एकटं सोडू नका. उडीद, हरभरा नाकात घालण्याचं वय तेच असतं आणि डाळ आत ओलाव्याने फुगते.

भाजताना प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, यात सवलत नाही. बाजरीचा दाणा लहान, ज्वारीचा मोठा, डाळ सपाट. एकत्र घातलं तर बाजरी करपेपर्यंत ज्वारी आतून कच्चीच राहते. जाड बुडाच्या कढईत, मंद ते मध्यम आचेवर, एका वेळी पाव किलोच घ्यावं. ज्वारीला ८ ते १० मिनिटं लागतात, बाजरी ६-७ मिनिटांत तडतडायला लागते, तांदूळ पांढरे पडून किंचित फुलतात, हरभरा डाळ तांबूस होते, उडीद डाळ गुलाबीसर होऊन खमंग वास सोडते. धणे सर्वांत शेवटी दोन मिनिटं. जिरे आणि मेथी तर गॅस बंद करून नुसत्या कढईच्या उष्णतेवर. झालं की नाही हे रंगावरून नीट ठरत नाही. दाणा चावून पाहायचा: कटकन तुटला पाहिजे आणि पीठ दाताला चिकटता कामा नये. पावसाळाभर डब्यात राहिलेलं धान्य सर्दावलेलं असतं, त्याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारचं ऊन दाखवावं. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठी तरी उपयोगाला येतं.

भाजणी बिघडते ती दोन टोकांना. कमी भाजली तर थालीपीठ चिवट होतं आणि डाळीचा कच्चा वास येतो. जास्त भाजली तर पिठाचा चिकटपणाच जातो, थापताना कडा फाटतात आणि कितीही पाणी घाला, मिळून येत नाही. अशी जास्त भाजलेली भाजणी टाकून देऊ नये. तिच्या दोन वाट्यांना अर्धी वाटी कणीक आणि एक किसलेला उकडलेला बटाटा घातला की ती ताळ्यावर येते.

गिरणीत न्यायच्या आधी सगळं पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर डब्यात वाफ धरते आणि आठ दिवसांत कुबट वास येतो. जाडसर दळून मागायचं, भाकरीच्या पिठाइतकं बारीक नाही. आणि आधी मिरच्या-मसाला दळलेल्या चक्कीवर मुळीच देऊ नका. मुलांची अर्धी भाजणी तिथेच वाया जाते. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून कच्चं बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. भाजल्यावर ते बरंच टिकतं, पण या उकाड्यात दीड महिन्यापलीकडे ठेवू नये. दोन किलोपेक्षा जास्त करून ठेवण्यात शहाणपण नाही ते याचसाठी.

आता थालीपीठ. २०० मिलीची वाटी धरा. दोन वाट्या भाजणी, एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, हळद, एक चमचा तीळ, पाव चमचा ओवा, मीठ, एक चमचा तेल आणि साधारण पाऊण वाटी कोमट पाणी. एवढ्यात मध्यम आकाराची पाच होतात. पाणी कोमटच हवं. गार पाण्याने भाजलेलं पीठ सावकाश भिजतं आणि थापताना चिरा पडतात. मोठ्यांचं तिखट पिठात न घालता थापून झाल्यावर वरून ठेच्याचं बोट फिरवावं.

नेहमीची चूक म्हणजे सगळं पीठ एकदम मळून ठेवणं. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं, आणि वीस मिनिटांनी तोच गोळा हाताला चिकटायला लागतो. मग आणखी भाजणी घातली जाते, मग मीठ कमी पडतं. दोन गोळ्यांपुरतं मळावं, बाकीचं कोरडं ठेवावं.

थापायला ओलं सुती फडकं सर्वांत चांगलं. फडकं पिळून पोळपाटावर पसरायचं, गोळा ठेवून ओल्या बोटांनी थापायचा, मध्ये एक आणि बाजूने चार भोकं पाडायची. मुलाचं काम हेच: भोकं पाडणं. त्याचं बोट जेवढं जातं तेवढंच भोक पुरतं. त्यातून तेल खाली जातं आणि वाफ वर येते, म्हणून थालीपीठ मधोमध कच्चं राहत नाही. फडक्यासकट तव्यावर उलटं घालायचं, फडक्यावर पाण्याचा हबका मारायचा आणि एका कडेने सावकाश सोडवायचं. भोकांत आणि कडेने तेल, वर झाकण, मध्यम आचेवर ३ ते ४ मिनिटं, मग उलटून झाकणाशिवाय दोन मिनिटं. आच फार मंद ठेवली तर ते भाजत नाही, वाळतं. मुलांना तो कडकपणा चाववत नाही. लहान मुलांसाठी गार तव्यावरच पुरीएवढी दोन-तीन थापून मग तवा गॅसवर ठेवावा. भोकं पाडणारा हात आणि पेटलेला गॅस यांची गाठ पडत नाही. पुढच्या खेपेला मात्र तवा नळाखाली धरून पुरता गार करा. गरम तव्यावर थापायची हौस मोठ्यांनी करावी.

सोबत लोणी, गोड दही. सॉस मागतील, तो पहिल्या दिवशी दिला नाही तर महिनाभर मागत नाहीत.

रात्रीसाठी या हवेत चकोल्यांना तोड नाही. कुणी वरणफळं म्हणतं, कुणी डाळफळं. एका पातेल्यात डाळ, पोळी आणि आमटी असं पूर्ण जेवण, वर साजूक तूप. दोन मोठी आणि दोन लहान माणसं धरली तर पाऊण वाटी तूरडाळ आणि दीड वाटी कणीक. डाळ दोन वाट्या पाणी, हळद, हिंग घालून कुकरला लावा. तोवर कणकेत मीठ, हळद, चिमूटभर ओवा आणि एक मोठा चमचा तेल घालून पुरीसारखी घट्ट भिजवा. पोळीसारखी सैल भिजवली तर फळं, म्हणजे कणकेचे तुकडे, आमटीत विरघळून लापशी होते.

शिजलेली डाळ घोटून घ्यावी. फोडणीला तेल, मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, चार लसणीच्या पाकळ्या. त्यावर डाळ आणि पाच वाट्या गरम पाणी. मग दीड चमचा गोडा मसाला, तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. बघताना ही आमटी फारच पातळ वाटते आणि इथेच लोक घाबरून पाणी कमी घालतात. कणीक शिजताना पाणी पिते आणि ताटात वाढल्यावरही पीतच राहते, म्हणून सुरुवातीला पातळच हवी. मीठ आमटीच्या चवीपेक्षा नखभर जास्त चालतं, पण कणकेतही मीठ आहे हे विसरू नका.

फळं कापणं हे मुलांचं राखीव काम. पोळी जाडसर लाटून त्यांच्यापुढे पोळपाटासकट ठेवायची आणि हातात शंकरपाळ्याचं कातणं द्यायचं. चार वर्षांचं मूल कातणं व्यवस्थित चालवतं; सुरीची गरज नाही. चौकोन वाकडेतिकडे आले तरी शिजतात, फक्त जाडी सारखी हवी, ती तुम्ही लाटताना सांभाळायची. हल्ली बिस्किटांचे साचे मिळतात, तारे-चांदण्या पाडता येतात, पण त्यात कडेची कणीक फार उरते आणि पुन्हापुन्हा लाटून ती चिवट होते. कातणंच बरं. कापलेली फळं एकावर एक न रचता ताटात पसरून ठेवावी. चिकटू नयेत म्हणून कोरडं पीठ भुरभुरलं तर ते सगळं आमटीत उतरतं आणि खळ होते. ताटाला तेलाचा हात पुरे.

आमटी खळखळून उकळत असतानाच एकेक फळ सोडायचं, चार-पाच सोडली की एकदा ढवळायचं. उकळी बसल्यावर सोडली तर ती तळाशी जाऊन एकमेकांना चिकटतात आणि मग डावाला गठ्ठा लागतो. हा भाग मुलांना करायला देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. उकळत्या डाळीचा शिंतोडा पाण्यापेक्षा जास्त वेळ अंगाला चिकटून राहतो. सगळी सोडून झाली की मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं. फळ शिजलं की वर येतं, पण वर आलं म्हणजे शिजलंच असं नाही. एक मधोमध तोडून पाहा, आत पांढरी रेघ दिसता कामा नये.

मोठ्यांसाठी छोट्या कढल्यात दोन चमचे तेल, ठेचलेली लसूण, लाल तिखट अशी कडकडीत फोडणी करून आपापल्या ताटात घ्यायची. गॅस बंद केल्यावर तेलात तिखट घालावं, नाहीतर काळं पडतं आणि सगळं घर खोकत बसतं. उरलेल्या चकोल्या सकाळी दगड होतात. त्यात वाटीभर गरम पाणी घालून झाकून मंद आचेवर ठेवा. डावाने जोरात ढवळलं तर फळं मोडतात.

भोंडल्याची खिरापत हे वेगळंच शास्त्र आहे. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागतं, त्याच सुमाराला पाटावर हत्ती काढून फेर सुरू होतात. कुठे त्याला हादगा म्हणतात आणि तो सोळा दिवस चालतो. विदर्भ-खानदेशात भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर असते. सगळीकडे शेवट एकच: झाकलेला डबा आणि आत काय ते ओळखायचं. खिरापत निवडताना चवीइतकंच डबा हलवल्यावर तिचा आवाज काय येईल आणि झाकणाच्या फटीतून वास किती येईल, याचा विचार करावा. पोहे-चिवडा डबा हातात घेताच ओळखला जातो, शिऱ्याला वेलदोडा दगा देतो. वाटली डाळ ओळखायला अवघड, कारण ती वाजत नाही. पाव किलो हरभरा डाळ पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटायची. भरपूर तेलाच्या फोडणीवर मंद आचेवर परतायची, मध्ये दोनदा झाकण ठेवून वाफ आणायची. बारा-पंधरा मुलांना मूठमूठ होते. वाटताना पाणी घातलं की ती कढईला चिकटते आणि गोळा होतो. शेवटी लिंबू, चिमूटभर साखर, ओलं खोबरं. उपास असलेल्या घरची मुलंही येतात, म्हणून शेजारी डाळिंबाच्या दाण्यांचा एक वाडगा ठेवलेला बरा. पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर अख्खे शेंगदाणे, फुटाणे खिरापतीला नकोत. पळता पळता खाल्लेला दाणा घशात अडकतो.

दसऱ्याला पाटीपूजन आटोपलं की पाच दिवसांनी कोजागिरी. इथे एक गैरसमज लहान मुलांच्या झोपेवर येतो: दूध रात्री बारालाच प्यायचं असतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच पूर्वेला उगवतो. आठ वाजेपर्यंत तो चांगला वर आलेला असतो आणि पूर्वेच्या गच्चीत, गॅलरीत दुधाच्या पातेल्यात नीट दिसतो. मुलांची कोजागिरी आठला उरकावी, मोठ्यांनी बारापर्यंत हवं तेवढं जागावं. काही घरांत या दिवशी पहिल्या अपत्याला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात. धाकट्याचा चेहरा पडायच्या आत त्यालाही पाटावर बसवावं. तबक तेच, निरांजन तेच, शास्त्राला काही कमी पडत नाही.

दुधासाठी चौघांना एक लिटर म्हशीचं दूध पुरतं. पातेलं आतून पाण्याने ओलं करून मगच दूध ओता, बुडाला लागण्याची शक्यता कमी होते. मंद आचेवर सारखं ढवळत ८०० मिलीपर्यंत आटवायचं. त्यापुढे आटवलं तर ते बासुंदीच्या वाटेला लागतं आणि मुलांना जड जातं. साखर ८० ग्रॅम. मसाला: १५ बदाम, १५ पिस्ते, ८ काजू, ६ वेलदोड्यांचे दाणे, केशराच्या १०-१२ काड्या आणि दोन चिमटी जायफळ. सुकामेवा मिक्सरमध्ये सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. त्यातच दोन चमचे साखर घालून, थांबत थांबत तीन-चार वेळा फिरवा, कोरडी पूड होते. मुलांच्या दुधात पूड बारीकच हवी, काप आणि चारोळी मोठ्यांच्या पेल्यात. मसाला घातल्यावर पाच मिनिटं उकळू द्या. केशर आधी पंधरा मिनिटं कोमट दुधात भिजवलं तरच रंग धरतं. जायफळाचा हात मात्र आखडताच ठेवा, जास्त झालं की दूध कडवट लागतं. लहान मुलाला १०० मिली पुष्कळ झालं, कारण त्याआधी तो जेवलेला असतो.

बाजारात या दिवसांत नव्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा येतात. किलोभर शेंगा तीन पाण्यांनी धुवून, बुडतील एवढं पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या, मग तशाच वीस मिनिटं पाण्यात. मीठ मुरतं ते या वीस मिनिटांत. धाकट्याला दाणे बोटाने चिरडून द्या. सीताफळंही याच वेळची. बिया काढून गर द्यायचा, आणि बिया फोडायला तर मुळीच नाही. त्यांचा रस डोळ्याला गेला तर फार चुरचुरतो आणि इजा करतो.

फराळात मुलांचा हात लागायला एकच पदार्थ सोयीचा, शंकरपाळे. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप गरम करून साखर विरघळवायची, गार झाल्यावर त्यात मावेल एवढा मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या. पुन्हा तेच कातणं. तळताना मुलं स्वयंपाकघराबाहेर.

बाहेर म्हणजे अर्थात किल्ल्यावर. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर हळीव वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरा. दोन दिवसांत अंकुर येतो, पाचव्या दिवशी गड हिरवा दिसतो. हळीव भिजवून पेरायचा मोह टाळा, त्याला बुळबुळीत गर सुटतो आणि सगळा एकाच जागी गोळा होतो. कोरडाच दाट भुरभुरावा, माती ओली असावी आणि पाणी फवाऱ्याने, तांब्याने नाही. तांब्याच्या धारेने बुरूज ढासळतो आणि बियाही खाली वाहून येतात. हळीव किराणा दुकानातून आणा, बियाणांच्या दुकानातून नको. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. किराण्यातल्या पुडीत उरलेला थंडीत लाडवांना लागतोच.